शड्डू ठोकल्यानंतर



वसंत व्याख्यानमालेत कुस्ती आणि मुष्टियुद्ध हा विषय कोणी लावला, असे मंडपात शिरताना दोघातिघांनी आम्हांला विचारले. विचारणाऱ्यांचा काही दोष नाही. ज्या जिल्ह्यात मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या आहेत, तेथे व्याख्यानाला उभे राहून लंगोटाची आणि हातमोज्यांची कथा सांगायची म्हणजे थोडे धाडसच आहे. पण अध्यात्मावर बोलणारे वक्ते आपल्याकडे उदंड आहेत. जत्रेच्या दिवशी भर उन्हात आखाड्याच्या कडेला टाचा वर करून उभे राहणाऱ्यांच्या वतीने मात्र सहसा कोणी बोलत नाही. आम्ही त्या गर्दीतले. पैलवानकी आमच्या अंगात नाही. आमच्या वाट्याला टाळ्या, आरोळ्या आणि घरी परतताना वाटेत चालणारी चर्चा एवढेच आले आहे. तेव्हा मल्लाविषयी थोडे आणि गर्दीविषयी थोडे असे आज बोलणार आहोत.

मोठा मल्ल मरण पावला म्हणजे त्याचे शौकीन काय करतात? एकत्र जमतात आणि त्याच्या कुस्त्या सांगतात. ३ जून २०१६ रोजी अमेरिकेत मुहम्मद अली हा मुष्टियोद्धा वारला. १० जूनला त्याच्या जन्मगावी, लुईव्हिलला, त्याची अंत्ययात्रा निघाली. लहानपणीच्या घरावरून शवपेटीची गाडी गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटलेले लोक गाडीवर फुले टाकत होते, गाडीला हात लावायला धावत होते आणि त्याच्या नावाचा घोष करीत होते. त्या गर्दीतल्या बहुतेकांनी त्याला प्रत्यक्ष लढताना कधी पाहिले नसणार. त्याची शेवटची लढत होऊनच तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती. तरीही प्रत्येकापाशी सांगायला एक गोष्ट होती. हे पाहिले की वाटते, लुईव्हिल काय आणि आपल्या गावचा पार काय, शौकिनाची जात एकच.

ह्या अलीची ख्याती दोन गोष्टींसाठी होती, हातासाठी आणि तोंडासाठी. लढतीच्या आधी तो प्रतिपक्षाची टर उडवी, यमके जुळवून आपलेच पोवाडे गाई, कितव्या फेरीत प्रतिस्पर्धी लोळेल तेही जाहीर करी. १९६२ मध्ये आर्ची मूर ह्या मुरलेल्या योद्ध्याविषयी त्याने चौथी फेरी सांगितली, आणि मूर चौथ्याच फेरीत आडवा झाला. पुढे त्याने स्वतःच सांगितले की, ही युक्ती आपण एका कुस्तीगिराकडून उचलली. गॉर्जियस जॉर्ज नावाचा तो पैलवान केस कुरळे करून, झगमगीत झगा घालून आखाड्यात येई आणि स्वतःची अशी काही स्तुती करी की लोक चिडत. चिडलेले लोक त्याला हरताना पाहण्यासाठी तिकीट काढीत. अलीने हिशेब केला की, आपल्यावर प्रेम करणारा येतो तसा आपला राग करणाराही येतो, आणि दोघांचे तिकीट सारखेच असते.

आपल्याकडच्या वस्तादांना हे मुळीच मानवले नसते. तालमीत पहिला धडा असतो तो मातीला हात लावून कपाळाला लावण्याचा. पैलवानाने बोलू नये, त्याच्या कुस्तीने बोलावे, असा आपला संस्कार. जिंकल्यावरही तो खाली वाकून वस्तादाच्या पायांवर डोके ठेवतो. मग अलीच्या बडबडीला आपल्या मातीत जागा नाही, असे म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. आपल्या आखाड्यात तोंड बंद असते खरे, पण शड्डू असतो. हलगी कडाडते आहे, रेवड्यांच्या पोरसवदा कुस्त्या संपल्या आहेत, मोठी जोड पुकारली गेली आहे, आणि फेटेवाल्या पंचांमधून वाट काढीत पैलवान हौद्यात उतरतो. फेरी मारतो आणि मांडीवर थाप टाकतो. त्या एका आवाजाने सारे मैदान गप्प होते. अलीने जे शंभर शब्दांत सांगितले तेच त्या थापेत आहे: मी आलो आहे, आता मागे फिरणे नाही.

ह्यातला महत्त्वाचा भाग तो शेवटचा, मागे न फिरण्याचा. गुपचूप लढणाऱ्याला हरण्याची सवलत असते. हरला तर म्हणता येते, आम्ही कुठे काही म्हणालो होतो. चारचौघांत शड्डू ठोकणारा ती सवलत स्वतःच्या हाताने फेडून टाकतो. २५ फेब्रुवारी १९६४ ला बावीस वर्षांचा अली सोनी लिस्टनसमोर उभा राहिला, तेव्हा बहुतेक जाणकार लिस्टनच्या बाजूचे होते. अलीने इतके बोलून ठेवले होते की, हरला असता तर त्याला तोंड लपवायला जागा उरली नसती. सातव्या फेरीची घंटा झाली आणि लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

पण त्याचा खरा शड्डू पुढेच होता. २८ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने नकार दिला. त्याचे अजिंक्यपद काढून घेण्यात आले, लढण्याचे परवाने रद्द झाले, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळे तुरुंग टळला, पण पंचविसाव्या वर्षापासून सुमारे साडेतीन वर्षे त्याला लढता आले नाही. मल्लाच्या आयुष्यातली ही वर्षे म्हणजे काय, हे तालमीत गेलेल्याला सांगावे लागत नाही. नांगरट झाली आहे, मृग बरसतो आहे आणि शेतकऱ्याला बांधावर बसवून ठेवले आहे, असे ते झाले. २८ जून १९७१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देत नाही. तोंडाळ म्हणून ज्याला लोक हसत होते त्याने शब्दाची किंमत रोख मोजली, म्हणून लुईव्हिलचे लोक रस्त्यावर आले. नुसते ठोसे मारणारे पुष्कळ झाले.

१९७४ साली आफ्रिकेत किन्शासा येथे त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले, ती लढत आपल्या वस्तादांनीही शिष्यांना दाखवावी अशी आहे. फोरमन तरुण, ताकदीने रेड्यासारखा. अली दोरांना पाठ लावून त्याचे ठोसे अंगावर घेत राहिला आणि त्याला दमवत राहिला. आपल्याकडे ह्यालाच ‘दमावर घेणे’ म्हणतात. पाटावर बसवलेला पैलवान पोट मातीला चिकटवून पडून राहतो, वरचा घिस्से ओढून ओढून थकतो, आणि मग खालचा उठतो. जाणता शौकीन त्या पडून राहण्याला दाद देतो. नवखा ‘कुस्ती करा, कुस्ती करा’ म्हणून ओरडतो.

आता थोडे गर्दीविषयी, म्हणजे आमच्याविषयी. अलीचे वैद्य १९७७ मध्ये, आता थांब, असे सांगून त्याला सोडून गेले. अली थांबला नाही. १९८० च्या जानेवारीत तो आपल्या देशात आला होता. दिल्लीला २७ जानेवारीला पंजाबच्या कौरसिंग ह्या लष्करी जवानाबरोबर त्याची प्रदर्शनीय लढत झाली. हाच कौरसिंग पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. दिल्लीत लोकांनी अलीला डोक्यावर घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, अडतिसाव्या वर्षी, तो लॅरी होम्सपुढे उभा राहिला. दहा फेऱ्या नुसता मार खाल्ला, शेवटी त्याच्या शिक्षकाने लढत थांबवली. त्यानंतरही १९८१ च्या डिसेंबरात आणखी एक लढत झाली. १९८४ मध्ये त्याच्या कंपवाताचे निदान झाले. हा आजार ठोशांनीच झाला असे छातीठोकपणे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण ‘आणखी एकदा, आणखी एकदा’ असे कोण म्हणत होते? तिकिटे कोणी काढली? १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने त्याने ज्योत पेटवली तेव्हा जगभरचे लोक रडले. त्या रडणाऱ्यांतले पुष्कळसे होम्सच्या लढतीला टाळ्या वाजवणारेच होते.

आणि तो कौरसिंग? हृदयाच्या उपचारासाठी त्याला कर्ज काढावे लागल्याची बातमी २०१७ मध्ये वर्तमानपत्रांत आली, तेव्हा मदतीसाठी धावपळ झाली. २०२३ च्या एप्रिलात तो वारला. अलीशी लढलेला म्हणून त्याचे नाव लोकांना आठवत होते, पण तो कोठे राहतो आणि कसा राहतो हे विचारायचे राहून गेले होते.

महाराष्ट्राने ह्याबाबतीत फार शहाजोगपणा करण्याचे कारण नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. परत आल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक काढायला आपण कधीच कमी पडलो नाही. नंतर खाशाबा पोलिसात नोकरीला लागले, निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्य क्रीडादिन म्हणून पाळायचे २०२३ साली ठरले.

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या मराठवाड्यातल्या एका मल्लाची हकीकत सांगतो. हरिश्चंद्र बिराजदार हे नाव येथल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना नवे नाही. निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. जन्म १९५० चा. आज ते गाव लातूर जिल्ह्यात आहे, पण तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. निजामाची राजवट संपून दोनच वर्षे झालेली होती आणि हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात मोडत होता. त्या काळी आपल्याकडच्या पोराला पैलवान व्हायचे असेल तर त्याने कोल्हापूर गाठावे. शाहूमहाराजांनी तेथे तालमी पोसल्या, खासबागेचे मैदान बांधले. आमच्याकडे राजाश्रय नव्हता आणि पाऊसही नव्हता. बिराजदार कोल्हापूरला गंगावेस तालमीत गेले. १९६९ साली लातूरच्या अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९७० ला, स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. मातीत वाढलेल्या विशीतल्या पोराने गादीवर जाऊन गुणांची कुस्ती जिंकावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. मातीत घटका-घटका खडाखडी चालते, गादीवर घड्याळ मानगुटीवर बसलेले असते. पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले.

पण शौकिनांना विचारा. ते एडिंबरो सांगणार नाहीत, बेळगाव सांगतील. १९७७ साली बेळगावला त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याच्या सतपालवर मात केली. सतपाल तेव्हा महाराष्ट्रातल्या भल्याभल्यांना पुरून उरत होता. पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. अशा मल्लाला आपल्या माणसाने हरवले, तेही बेळगावात, जेथे मराठी माणसाच्या मनाला आधीच एक ठणका लागलेला होता. मग काय विचारता! ती कुस्ती पाहिल्याचे सांगणारी माणसे मोजली तर बेळगावचे मैदान चौपट मोठे करावे लागेल. सांगणाऱ्यागणिक मिनिटे बदलतात, डाव बदलतात. आम्ही ह्याला खोटेपणा मानत नाही. पोवाडा असाच वाढतो.

बिराजदार २०११ च्या सप्टेंबरात वारले. तेव्हाही गावोगाव बेळगावच निघाले. त्या एका कुस्तीच्या पुढे त्यांच्या आयुष्याची चौतीस वर्षे पडली होती, आणि त्या चौतीस वर्षांवर कोणी फारसे बोलत नव्हते. लढणे थांबवल्यावर त्यांनी काय केले? ‘आणखी एकदा’ म्हणणाऱ्या गर्दीकडे त्यांनी पाठ फिरवली आणि पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवायला घेतली.

वस्तादाचे काम पाहायला तिकीट नसते आणि प्रेक्षकही नसतात. पहाटे, गाव झोपेत असताना, तो हौद्याच्या काठावर बसलेला असतो. माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मऊ ठेवायची. पोरांचे जोर, बैठका मोजायच्या. कोणाचा हात पटाला उशिरा जातो, कोण ढाक लावताना मान वर ठेवतो, हे हजारदा सांगायचे. घरची आठवण येऊन रात्री रडणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराची समजूत काढायची. शिवाय खुराक. बदाम, तूप, दूध, थंडाई! आजचा बदामाचा भाव येथे बसलेल्या व्यापारी बंधूंनी शेजाऱ्याच्या कानात सांगावा. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला हजारो जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि जत्रांच्या दिवसांत परत येतात, तेथल्या पोराने पैलवान व्हायचे म्हणजे घरात एक खाणारे तोंड वाढवायचे नसते, चार वाढवायची असतात. बापाला ते पेलले नाही की वस्तादाला पेलावे लागते. काका पवार हे लातूरकडचे मल्ल बिराजदारांच्याच हाताखाली तयार झाले आणि पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. बिराजदारांना स्वतःला २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. त्याचा गाजावाजा बेळगावच्या कुस्तीच्या शतांशानेही झाला नसेल.

त्यांच्याकडे आलेल्या पोरांत आपल्या पाटोद्याचा एक पोरगा होता, राहुल आवारे. पाटोदा कसले गाव आहे हे ह्या जिल्ह्यात सांगायला नको. बालाघाटाच्या माथ्यावरची ती हलकी जमीन, पावसावर टांगलेली शेती. वडील बाळासाहेब स्वतः कुस्ती खेळलेले. त्यांनी मुलाला मातीत उतरवले आणि पुढे पुण्याला बिराजदारांच्या हवाली केले. साठ वर्षांपूर्वी रामलिंग मुदगडच्या पोराला जे करावे लागले तेच पाटोद्याच्या पोरालाही करावे लागले. गाव सोडून घाटापलीकडे जायचे, हे अंतर अजूनही कमी झालेले नाही. ही गोष्ट अभिमानाच्या भरात आपण विसरतो. जिल्ह्याचा मल्ल म्हणून आपण कमानी उभारतो, पण तो घडला तेथे, आपण उभारलेल्या कमानीपासून दोनशे किलोमीटरवर.

वस्ताद गेले तेव्हा राहुल विशीच्या आत-बाहेर होता. मल्लाच्या आयुष्यात ही फार नाजूक वेळ असते. शरीर भरत असते, डाव बसलेले असतात, पण कोणती कुस्ती घ्यावी आणि कोणती सोडावी हे सांगणारा माणूस लागतो. जत्रेतल्या मोठ्या इनामांची भूल ह्याच वयात पडते, आणि सारा हंगाम माती तुडवून दुखापत घेऊन बसलेली किती तरी पोरे आम्ही पाहिली आहेत. राहुल कात्रजला काका पवारांच्या संकुलात गेला. म्हणजे वस्तादाच्या हातून निसटून वस्तादाच्याच शिष्याच्या हातात पडला. आम्ही शौकीन बेळगाव सांगत बसलो होतो तेव्हा बिराजदारांचे काम असे हातोहात पुढे चालले होते.

अलीचे चाहते आणि आम्ही ह्यांच्यात म्हणूनच एक फरक पडतो. अलीला पुढे चालवणारा शिष्य नव्हता. मुष्टियुद्धाच्या त्या व्यवसायात शिक्षक वेगळा, योद्धा वेगळा, आणि योद्धा विझला की त्याच्याबरोबर त्याची कला विझते. उरतात चित्रफिती. कुस्तीत हरलेला-जिंकलेला प्रत्येक मल्ल वय झाल्यावर हौद्याच्या काठावर येऊन बसू शकतो. किती जण बसतात, हा भाग निराळा. पुष्कळांना इनामाची रक्कम पुरत नाही, खुराक सुटतो, कमावलेले शरीर बसते, गुडघे बोलू लागतात, आणि ज्या गावात फेटा बांधला गेला त्याच गावात ते चहाच्या टपरीवर ओळख न देता बसलेले दिसतात. आम्हीही ओळख देत नाही. संकोच दोन्हीकडून असतो.

१२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेची सत्तावन्न किलो गटाची अंतिम कुस्ती झाली. समोर कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी होता. मध्येच दुखापत होऊनही राहुल पुन्हा उभा राहिला आणि १५–७ अशा गुणांनी जिंकला. पाटोद्यात फटाके वाजले, ते आपणही ऐकले असतील. राहुलने ते सुवर्णपदक आपल्या दिवंगत वस्तादांना, हरिश्चंद्र बिराजदारांना, अर्पण केले. बेळगावची कुस्ती झाली तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता. त्याने वस्तादांना पाहिले होते ते काठावर बसलेले, पहाटेच्या वेळी, बैठका मोजताना. एडिंबरोचे सुवर्ण १९७० चे. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली होती.